देवाला मुलगा, मग देवाची बायको कोण? आजींच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकरोडचे, हिंदू घरातले, बायको ख्रिस्ती. नाताळला आजींना घेऊन सासरी जेवायला गेलात आणि आजींनी भर पंगतीत सरळ विचारलं, "देवाला मुलगा झाला म्हणता, मग देवाची बायको कोण?" सगळे गप्प. सासरे हसून म्हणाले "तसं नसतं आजी", पण तसं नाही तर मग कसं, हे कुणी सांगितलंच नाही. मग रात्री तुम्ही मोबाईलवर शोधलं, तिथे कुणी लिहिलेलं की ३२५ साली एका रोमन बादशहानं मतदान घेऊन येशूला देव केलं, कुणी लिहिलेलं की येशू स्वतः तसं कधी म्हणालाच नाही, आणि वर तुमचा चुलतभाऊ म्हणतो आपण सगळेच देवाची लेकरं, मग यात एवढं विशेष काय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मी पाळक नाही. शाळेत मराठी शिकवायचो, आता रिटायर झालोय, आणि गेली सव्वीस वर्षं आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) मुलांचा वर्ग घेतो. तेरा-चौदा वर्षांची पोरं, रविवारी सकाळी आईनं अंथरुणातून ओढून पाठवलेली. त्यांच्याएवढे कडक परीक्षक मी युनिव्हर्सिटीतही पाहिले नाहीत. आजींचा प्रश्न दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं, फक्त आजींएवढी हिंमत नसते म्हणून शेजारच्याच्या कानात विचारतं. आणि मी हे सगळं मानतो, ते लपवत नाही. पण तुम्हाला पटवायला लिहीत नाहीये. समजणं वेगळं, स्वीकारणं वेगळं, आणि तुम्ही समजण्याचं विचारलंय.

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेत पण गाठ एकच आहे. 'पुत्र' म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच जन्म येतो. पाळणा, बारसं, आई कोण, बाप कोण. आणि आपल्याकडे देवांची घरं भरलेलीच आहेत, शंकर-पार्वतीचा गणपती, सूर्याचा कर्ण, वायूचा मारुती, आणि मारुती तर आपण आपल्या अंजनेरीला जन्मलेला मानतो, त्र्यंबकला जाताना डोंगर दिसतोच. त्यामुळे आजींचं काही चुकलं नाही, त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला. चुकले ते हसणारे सासरे (त्यांना हे दाखवू नका). ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र म्हणतो तेव्हा तो कोण कधी कुणाच्या पोटी आलं याबद्दल बोलत नसतो. तो नात्याबद्दल बोलत असतो, आणि जातकुळीबद्दल. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, पुढे लागणार आहे.

याला आधार काय, की मी आपलं सावरून घेतोय? माझा आधार मार्क. येशूची हकीकत सांगणारी बायबलात चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात, आणि त्या चारांत मार्कचं सगळ्यात जुनं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि त्यात येशूच्या जन्माची गोष्टच नाही! गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही, काहीच नाही. येशू थेट मोठा माणूस म्हणून यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला येतो आणि आकाशातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र. योहानाच्या पुस्तकातही पाळणा नाही, ते तर जगाच्या उत्पत्तीच्या आधीपासून सुरू होतं. म्हणजे येशूला ठासून देवाचा पुत्र म्हणणाऱ्या चौघांपैकी दोघांना जन्मकथा सांगायची गरजच वाटली नाही. सगळा मुद्दा जन्माचा असता तर ती गोष्ट त्यांनी अशी गाळली असती का?

हां, मत्तय आणि लूक सांगतात जन्माचं, नाताळला आपण तेच वाचतो. पण तिथेही नीट बघा. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरीयेला सांगतो की परात्पराचं सामर्थ्य तुझ्यावर छाया करील. हा जो छाया करण्याचा शब्द आहे तो जुन्या कराराच्या (बायबलातला येशूच्या आधीचा भाग) ग्रीक भाषांतरात देवाच्या निवासमंडपावर ढग येऊन थांबतो त्या प्रसंगात येतो. नवरा-बायकोच्या संबंधाची भाषाच नाही ती. तर आजींना पहिलं उत्तर एका ओळीत देता येईल, देवाची बायको नाही, नव्हती, आणि कॅथलिक असो सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो मेथडिस्ट असो, यातल्या कुठल्याच चर्चनं तसं शिकवलेलं नाही. माझा एक मुस्लिम शिक्षक मित्र होता, तो म्हणायचा आमच्या कुराणात स्पष्ट आहे, अल्लानं कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही. मी त्याला म्हणायचो, शरीराच्या अर्थानं म्हणत असशील तर माझी इथे सही घे. आमचा वाद त्याच्या पुढे सुरू व्हायचा, आणि चहा संपेपर्यंत चालायचा.

आता मराठीच्या मास्तराची खोड म्हणून थोडं भाषेबद्दल. आपण शेतकऱ्याला भूमिपुत्र म्हणतो. भूमिपुत्र म्हटल्यावर आजपर्यंत कुणी विचारलंय का की भूमीचा नवरा कोण? कळतं आपल्याला. येशूच्या लोकांच्या बोलीत, हिब्रूत आणि अरामीत, हे आपल्यापेक्षा दहापट जास्त चालायचं. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ तापट, तर येशू त्यांचं नाव ठेवतो गर्जनेचे पुत्र. जुन्या करारात तर 'देवाचा पुत्र' हा शब्द बऱ्याच जणांना लावलाय. निर्गम पुस्तकात अख्खं इस्राएल राष्ट्र देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे, दुसऱ्या स्तोत्रात गादीवर बसणाऱ्या राजाला देव म्हणतो तू माझा पुत्र, ईयोबात देवदूत देवपुत्र आहेत, आणि लूक वंशावळ मागे मागे नेत आदामापर्यंत जातो आणि त्यालाही देवाचा म्हणतो. म्हणजे शब्द येशूसाठी नवा तयार केलेला नाही, चलनात होताच, अर्थ साधारण असा की देवानं निवडलेला, त्याच्या वतीनं उभा असलेला.

इथे मी थांबलो तर तुमचा चुलतभाऊ शंभर टक्के बरोबर. सगळेच लेकरं, येशू त्यातला एक चांगला. पण येशूनं स्वतः एक गोष्ट सांगितलीय ती या अर्थात बसत नाही, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला जेवढी कळते तेवढी इतरांना कळत नसावी, कारण गोष्ट द्राक्षबागेची आहे.

मार्कचा बारावा अध्याय. येशू यरुशलेमेत, मंदिरात, धर्माच्या पुढाऱ्यांसमोर बोलतोय, मरायला थोडेच दिवस राहिलेत. एका माणसानं द्राक्षमळा लावला, कुंपण घातलं, रसाचं कुंड खोदलं, राखणीला माळा बांधला, मळा वाट्यानं दिला आणि परदेशी गेला. हंगामाला आपला हिस्सा आणायला नोकर पाठवला, त्याला चोपून रिकाम्या हातानं परत. दुसरा पाठवला, त्याचं डोकं फोडलं. तिसऱ्याला ठार केलं. मग आणखी पुष्कळ, कुणाला मारलं कुणाला जिवे मारलं. शेवटी मालकाकडे एकच उरला, त्याचा प्रिय मुलगा. तो म्हणाला, माझ्या मुलाचा तरी मान ठेवतील. आणि वाटेकरी आपसात म्हणाले, हाच वारस आहे, याला मारू म्हणजे वतन आपलं. मारला आणि मळ्याबाहेर फेकून दिला.

काही वर्षांपूर्वी वर्गात निफाडकडचा एक मुलगा होता, घरची बाग, इथे हॉस्टेलला राहून शिकायचा, एरवी तोंड उघडायचा नाही. मी विचारलं, नोकर आणि मुलगा यात फरक काय, दोघंही हिस्साच मागायला आलेत ना? बाकीची म्हणाली मुलगा जास्त लाडका. हा पेन्सिल काडीसारखी दोन बोटांत धरून वाकवत बसला होता, तसाच म्हणाला, "सर, कुणाचा माणूस आला तर आमच्याकडं विचारत्यात, कोणी पाठवलं, चिठ्ठी आणली का. माझ्या चुलत्याचा पोरगा बागेत शिरला तर कोणी विचारत नाय. तो सरळ काडी वाकवून बघतो पिकली का, घड उचलून बघतो, दोन मणी तोंडात टाकतो. बाग त्याचीच हाय ना." मग जरा थांबून म्हणाला, "नोकर बापाचा निरोप आणतो सर. पोरगा आला म्हंजे बापच आला."

मी गप्पच बसलो. पुढं माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गोष्टीतले नोकर म्हणजे संदेष्टे, यशया, यिर्मया, योहान बाप्तिस्मा करणारा, हे ऐकणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि येशू स्वतःला त्या रांगेत शेवटचा आणि सगळ्यात थोर नोकर म्हणून उभं करत नाही, रांगेच्या बाहेर उभं करतो. तो एकच आहे, तो वारस आहे, त्याच्यानंतर पाठवायला कुणी उरत नाही. 'देवाचा पुत्र' हा शब्द ख्रिस्ती लोक येशूबद्दल वापरतात तो या अर्थानं. निरोप्या आणि निरोप धाडणारा यांच्यात जेवढं अंतर असतं तेवढं अंतर इथे नाही.

त्याच अध्यायात थोडं पुढे नाण्याचा प्रसंग आहे, कैसराला, म्हणजे रोमन बादशहाला, कर द्यायचा की नाही. लोक तो कराचा म्हणून वाचतात, पण तेव्हा चालणारा दिनार तिबेरियस कैसराचा, आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं असायचं की हा देवरूप ऑगस्टसचा पुत्र. म्हणजे रोमच्या राज्यात देवाचा पुत्र ही पदवी कैसराची होती, रोज खिशात खुळखुळायची! नाण्यावर राजा आपलं मोठेपण कसं मिरवतो ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नहपान या क्षत्रप राजाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं वरून आपला छाप मारलेला. जुना राजा पुसायचा नाही, त्याच्याच नाण्यावर आपलं नाव ठोकायचं. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनी एका सुळावर मेलेल्या सुताराला देवाचा पुत्र म्हटलं ते मला तसंच वाटतं, कैसराच्या नाण्यावर वरून मारलेला छाप. आणि ते बोलणं बिनधोक नव्हतं.

येशू स्वतः म्हणाला का? प्रामाणिक उत्तर, "मी देव आहे" असं सरळ वाक्य चार शुभवर्तमानांत शोधून सापडणार नाही. पहिल्या तिघांत तो स्वतःला जास्त करून 'मनुष्याचा पुत्र' म्हणतो. जो कुणी सांगतो की येशू गावोगाव मी देवाचा पुत्र म्हणत फिरायचा त्यानं नीट वाचलेलं नाही. पण वागणं बघा. छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला तो म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली, आणि शास्त्री लगेच मनात म्हणतात, देवाशिवाय हे कोण करू शकतो? त्यांचा आक्षेप बरोबर पकडलेला आहे. प्रार्थनेत तो देवाला 'अब्बा' म्हणतो, घरातल्या मुलानं बापाला मारावी ती हाक. आणि महायाजक तोंडावर विचारतो, तू त्या धन्यवादिताचा (म्हणजे देवाचा) पुत्र ख्रिस्त आहेस का, तेव्हा मार्कमध्ये तो म्हणतो, मी आहे. शिक्षा त्यावर होते. योहानात बोलणं जास्त उघड आहे, मी आणि पिता एक आहोत, पण त्याच योहानात पिता माझ्यापेक्षा थोर आहे असंही तो म्हणतो. दोन्ही आहे. फक्त एक वाक्य उचलून तुमच्या अंगावर टाकणारा, मग तो आमच्यातला असो की बाहेरचा, त्याला दुसरं वाक्य विचारा.

आता ३२५. हे फॉरवर्ड मलाही वर्षातून दोनदा येतं. नायसिया हे गाव आजच्या तुर्कस्तानात, कॉन्स्टंटाईन बादशहानं बिशपांची परिषद बोलावली हे खरं, सही करायला त्याचा दबाव होता हेही खरं. पण वाद 'येशू देव की साधा माणूस' असा नव्हताच मुळी. अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा पाळक, तोही येशूला देवाचा पुत्र म्हणायचा, जगाच्या आधीचा म्हणायचा. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्र कितीही थोर असला तरी देवानं घडवलेला आहे, आणि तो नव्हता अशी एक स्थिती होती. परिषदेनं म्हटलं, नाही, घडवलेला नाही, जन्मलेला, पित्याशी एकतत्त्व.

तुम्ही म्हणाल, मघाशी म्हणालात जन्माचा मुद्दा नाही आणि आता जन्मलेला! बरोबर पकडलंत. म्हणून तो जातकुळी शब्द. कुंभार मडकं घडवतो, मडकं कितीही सुबक झालं तरी ते कुंभार होत नाही. पण कुंभाराचं पोर माणूसच असतं, बापाच्याच जातकुळीचं. परिषदेला 'जन्मलेला' म्हणून एवढंच सांगायचं होतं, की तो कुणी दुय्यम बनावटीचा नाही, पिता जे आहे तेच तो आहे. वेळेचा भाग त्यातून काढून टाकायचा. त्यासाठी जुना दाखला सूर्य आणि उजेडाचा, उजेड सूर्यापासून येतो पण सूर्य आधी होता आणि उजेड नंतर कधीतरी सुरू झाला असं होत नाही.

आणि बादशहानं देव केलं म्हणावं तर पुढचं गणित जुळत नाही. परिषदेनंतर पन्नास-एक वर्षं वाद चालूच राहिला, पुढचे काही बादशहा एरियसच्या बाजूला झुकले, नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, खुद्द कॉन्स्टंटाईनला ३३७ मध्ये मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला तो एरियसकडे कल असलेल्या बिशपनं. हे भांडण ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत बरंचसं मिटलं. उलट आधीचं बघा, पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रं इसवी सन ५० ते ६० च्या आसपासची, शुभवर्तमानांपेक्षाही जुनी, त्यातल्या फिलिप्पैकरांस पत्रात येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असं आहे, आणि लिहिणारा कोण तर एकच देव मानणारा कट्टर यहूदी. साधारण ११२ साली धाकटा प्लिनी नावाचा रोमन अधिकारी बादशहा ट्रेजनला पत्रात कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गाणं म्हणतात. नायसियाच्या दोनशे वर्षं आधी! लोक आधी भजन करत होते, व्याख्या नंतर आली. आपल्या वारकऱ्यांना हे सांगावं लागणार नाही.

व्याख्या का लागली पण? कारण सोपे दाखले फसतात. हे मी अंगावर घेऊन शिकलोय. पहिली बरीच वर्षं मी वर्गात पाणी-बर्फ-वाफ हा दाखला द्यायचो, देव एकच, रूपं तीन, पिता पुत्र पवित्र आत्मा. मुलं माना डोलवायची, मीही खूश. मग एका वर्षी एका मुलीनं हात वर केला, "सर, मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू रडून पित्याची प्रार्थना करत होता, म्हणजे बर्फ वाफेशी बोलत होतं का?" वर्ग फुटला हसून. मलाही हसू आलं पण घरी येऊन झोप लागली नाही, कारण ती बरोबर होती. एकच देव तीन सोंगं घेतो असं म्हटलं तर येशूची सगळी प्रार्थना नाटक ठरते. आणि तिघे वेगळे देव म्हटलं तर देव एक राहत नाही. म्हणून चर्चनं तो अवघड मधला रस्ता धरला, देव एक, पण त्या एका देवात पिता आणि पुत्र हे नातं खरं, कायमचं, जगाच्या आधीपासूनचं. हे पूर्ण डोक्यात बसतं असं माझं म्हणणं नाही. तो दाखला मात्र त्या दिवसापासून बंद केला.

इथपर्यंतचं पटकन एकत्र करतो. बायको नाही, शारीरिक जन्माचा मुद्दा नाही. पुत्र म्हणजे निरोप्या नव्हे तर वारस, बापाच्याच जातकुळीचा. येशूनं हे घोषणा देऊन सांगितलं नाही, वागण्यातून आणि गोष्टीतून सांगितलं. आणि ३२५ ला हे जन्माला आलं नाही, त्याला नेमके शब्द मिळाले.

राहिले तुमचे चुलतभाऊ. आपण सगळे देवाची लेकरं हे आम्हीही म्हणतो, पण पौल त्यासाठी जो शब्द वापरतो तो आहे दत्तक. येशू मूळचा मुलगा, आपण दत्तक घेतलेले, आणि ते त्याच्यामुळे. गलतीकरांस पत्रात तो म्हणतो की तू आता दास नाहीस, पुत्र आहेस, आणि म्हणून आपल्यालाही तीच हाक मारता येते, अब्बा. हा भाग मी वर्गात शिकवत नाही, पोरांना शरणपूरला फिरायला नेतो. शरणपूर रोडनं तुम्ही आठवड्यातून दहा वेळा जात असाल. १८५० च्या दशकात मिशननं वसवलेलं गाव ते, आणि तिथे समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहायला आणि शिकायला होती. त्यातला एक जेकब वेनराइट. पुढे आफ्रिकेत लिव्हिंगस्टन हा प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचणारा हाच, आणि १८७४ मध्ये त्याचं शव लंडनला पोचवायला गेला तोही हाच. गुलामीतून सोडवलेलं पोर. त्या रस्त्यावर उभं राहून दास नाहीस, पुत्र आहेस हे वाचलं की पोरांना दत्तक शब्द वेगळा समजवावा लागत नाही. दत्तक मुलाला घरात कमी वाढत नाहीत, पण तो आणि पोटचा यात फरक आहे हे दोघांनाही माहीत असतं. तेवढाच फरक.

अवताराचं तुम्ही विचारलं नाहीत पण आजी विचारतील, म्हणून घाईत सांगून टाकतो. मराठी ख्रिस्ती लोकांनीही येशूसाठी अवतार शब्द वापरलाय आणि माझी त्याला हरकत नाही, फक्त दोन ठिकाणी तो कमी पडतो. येशूचं येणं एकदाच, युगायुगाला नाही. आणि काम झाल्यावर तो माणूसपण उतरवून ठेवत नाही, उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत.

आता तुमच्यासाठी काय योग्य, ते बरंच तुमच्यावर आहे. सासरी चर्चमध्ये विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं) म्हणतात तेव्हा 'त्याचा एकुलता एक पुत्र' तुम्ही तोंडानं म्हणावं की गप्प उभं राहावं, तर मनात नसेल तर गप्प उभे राहा, कुणी शहाणा माणूस वाईट वाटून घेणार नाही, खोटं म्हणण्यापेक्षा ते बरं. तुमची बायको कुठल्या मंडळीची आहे त्यावरही थोडं अवलंबून आहे, कारण यहोवाचे साक्षीदार येशूला पुत्र मानतात पण देव मानत नाहीत, ते साधारण एरियसच्या जवळचं, मग माझं वरचं बरंचसं तिथे चालणार नाही. आणि घाई करू नका. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या जलालपूरच्या माहेरवाशीण, त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग संसार परत एकत्र झाला, आणि नंतर त्यांनी स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. एका घरात दोन मतं हे नाशिकला नवीन नाही.

वाचायचं असेल तर मार्क घ्या. सोळाच अध्याय आहेत, दीड-दोन तासांत एका बैठकीत होतो. वाचताना एवढंच बघा की येशूला देवाचा पुत्र कोण कोण म्हणतं. आकाशवाणी म्हणते, दोनदा. भुतं ओरडून म्हणतात आणि येशू त्यांना गप्प करतो. शिष्य? पूर्ण पुस्तकात एकदाही नाही. पहिला माणूस जो हे बोलतो तो पंधराव्या अध्यायात भेटतो, सुळाच्या पायथ्याशी ड्युटीवर उभा असलेला रोमन शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा अधिकारी, ज्याच्या पगारातल्या नाण्यांवर कैसर देवाचा पुत्र होता. त्यानं गोठा पाहिला नव्हता, तारा पाहिला नव्हता, येशूची आई कोण हे त्याला ठाऊक असायचंही कारण नाही. समोरचा माणूस कसा मेला तेवढं बघून तो बोलला.

आजींना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या नाताळला हाच प्रश्न परत विचारायला लावा, या वेळी सासऱ्यांना हसून सुटू देऊ नका.